झिजलेले अक्षर आणि झिजवलेले अक्षर

(अकादमीने महाविद्यालयीन विद्यार्थी व अध्यापक यांच्यासाठी घेतलेल्या कार्यशाळेतील व्याख्यान. बोलताना होते तसेच शक्यतो ठेवले आहे.)



मी साहित्याचा माणूस. माझा प्रबंध गोमंतकातील हौशी रंगभूमीवर आहे. त्या कामासाठी मी देवस्थानांच्या उत्सव समित्यांकडची, लोकांच्या पेट्यांतली, नाटकाची शेकडो हस्तपत्रके चाळली. तारीख, नाटक, पात्रपरिचय, तिकिटाचा दर असे सगळे वहीत उतरवून घेतले. पण ते कोणत्या अक्षरात छापले आहे याकडे तेव्हा एकदाही पाहिले नाही. आज मी अक्षरांवर बोलायला उभा आहे तो या चुकीच्या आधारावर. तेव्हा मला या विषयातला तज्ज्ञ समजू नये. उशिरा जागा झालेला माणूस समजावे.

गोष्ट आमच्या महाविद्यालयाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेची आहे. संपादक मंडळाचा प्रमुख मी. मुखपृष्ठ एका विद्यार्थिनीने संगणकावर केले होते आणि ते देखणे होते. पिवळट कागदाचा रंग आणि त्यावर ठसठशीत, जाड पायांची, कडा उडालेली, मध्येमध्ये शाई न लागल्यासारखी पांढरी पडलेली रोमन अक्षरे. ‘रिमेम्बरन्स’ असा एकच इंग्रजी शब्द पानभर. खाली बारीक देवनागरीत ‘स्मरणिका’. ही अक्षरे मात्र संगणकात असतात तशी, गुळगुळीत. मंडळातल्या सर्वांनी एका आवाजात पसंती दिली. ‘किती जुने वाटते!’ असे एकजण म्हणाले. ते मीच असेन.

छापून आल्यावर एक प्रत अण्णांना द्यायला गेलो. अण्णा म्हणजे आमच्या गावच्या एका छापखान्यातले निवृत्त जुळारी. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी खिळे जुळवले. त्यांनी चष्मा वर केला, मुखपृष्ठ डोळ्यांजवळ नेले आणि बोट ठेवत म्हणाले, “सर, ह्या तिन्ही अक्षरांची कपची एकाच जागी कशी उडाली?” (म्हणाले कोकणीत, मी मराठीत सांगतो.)

‘रिमेम्बरन्स’ या शब्दात रोमन ‘ई’ तीनदा येतो. तिन्ही ‘ई’च्या मधल्या दांड्याच्या टोकाला अगदी तशीच, तेवढीच कपची. दोन्ही ‘एम’वर तोच ओरखडा. मग अण्णांनी मला समजावले की लाकडी अक्षरांच्या संचात तीन ‘ई’ असले तर ते तीन वेगवेगळे म्हातारे असतात. एक पडून टवका गेलेला, एक पावसाळ्यात फुगलेला, एक शाईने बुजलेला. त्यातला सर्वांत खराब कोणता हे जुळाऱ्याला पाठ असते. तो ओळीच्या कडेला, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी तो लावतो.

मी घरी येऊन त्या विद्यार्थिनीला फोन केला. तिने सांगितले की हा फॉण्ट तिने इंटरनेटवरून घेतला होता. फॉण्टच्या फाइलमध्ये प्रत्येक अक्षराचे एकच चित्र असते. चांगल्या फॉण्टमध्ये दोन-तीन पर्यायी चित्रे असतात आणि संगणक ती आलटून पालटून लावतो. हा फुकटचा होता, म्हणून एकच. मी विचारले, खालची देवनागरी अक्षरे त्याच वळणाची का नाही घेतलीस? ती म्हणाली, “सर, मराठीत असा फॉण्ट मला सापडलाच नाही.”

तिच्या या उत्तराने माझे वर्षभराचे वाचन ठरले. ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिल्यांदा हे अक्षर आहे तरी काय, ते पाहू. छापील रोमन अक्षराच्या दांड्याच्या टोकाला आडवी छोटी रेघ असते, तिला सेरिफ म्हणतात. आपण पाय म्हणू. पुस्तकी अक्षरात हा पाय नाजूक, निमुळता असतो. तो दांड्याएवढा जाड आणि चौकोनी केला की झाले स्लॅब सेरिफ. घरावर स्लॅब घालतात, तोच हा शब्द. अक्षराच्या वरखाली काँक्रीट ओतल्यासारखे.

हे अक्षर जन्मले लंडनमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. तोवर छापलेले अक्षर बहुधा पुस्तकात असे आणि वाचणारा ते हातात धरून वाचत असे. आता लॉटरीवाले, नाटकवाले, औषधवाले, घोडागाड्यांच्या कंपन्या यांना अक्षर भिंतीवर हवे होते. रस्त्याने घाईत जाणाऱ्याने ते वळून पाहिले पाहिजे. आधी छापखान्यांनी पुस्तकातलीच अक्षरे फुगवली. पण त्यांचे दांडे जाड झाले आणि पाय केसासारखे बारीक राहिले. लांबून पाय दिसत नाहीत आणि शिशाच्या खिळ्यात ते लवकर मोडतात. मग पायही जाड झाले. व्हिन्सेंट फिगिन्स या अक्षर ओतणाऱ्याने १८१५च्या सुमारास आपल्या नमुनापुस्तकात असे अक्षर दाखवले, फक्त मोठ्या लिपीतले. नाव दिले ‘अँटिक’. म्हणजे पुरातन! पूर्वी कधीही नव्हते असे कोरे करकरीत अक्षर आणि नाव पुरातन. जुनेपणाचे सोंग या अक्षराने जन्मतःच घेतलेले आहे, हे मला फार गमतीचे वाटते.

दुसरे नाव पडले ‘इजिप्शियन’. त्याचा इजिप्तशी संबंध एवढाच की नेपोलियनच्या स्वारीनंतर इंग्लंडात इजिप्तचे वेड शिरले होते. रोझेटा शिळा १७९९ साली सापडली आणि १८०२ पासून ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या दिवसांत जे भक्कम, अवजड, वेगळे दिसेल ते इजिप्शियन. गंमत अशी की १८१६ मध्ये कॅसलन घराण्याच्या चौथ्या विल्यमने ‘इजिप्शियन’ याच नावाने जे अक्षर दाखवले त्याला पायच नव्हते. बिनपायाचे ते पहिले छापील रोमन अक्षर. पुढे रॉबर्ट थॉर्नचे जाड पायांचे अक्षर त्याच्या मृत्यूनंतर विल्यम थॉरोगुडने बाजारात आणले आणि इजिप्शियन हे नाव जाड पायांना चिकटले. या थॉरोगुडने थॉर्नचा कारखाना लॉटरीच्या पैशांतून विकत घेतला असे सांगतात. लॉटरीच्या जाहिरातींवर पोसलेले अक्षर लॉटरीच्याच पैशाने विकत गेले म्हणायचे.

जाणकारांना हे अक्षर आवडले नाही. मुद्रणकलेवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या हॅन्सार्डने १८२५ मध्ये अशा फुगीर अक्षरांवर तोंडसुख घेतलेले आहे. बाजाराने त्याचे ऐकले नाही. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या कारखान्यातून ‘क्लॅरेंडन’ आले, जरा सभ्य, पायांना गोलाई दिलेले. नव्या कायद्याखाली त्याची नोंदणी झाली. संरक्षण तीन वर्षांचे. ती संपताच सगळ्यांनी नक्कल केली. विद्यार्थ्यांसाठी एक आडगोष्ट. मजकुराच्या मध्ये एखादा शब्द ठळक छापायचा, कोशातला मूळ शब्द उठून दिसावा म्हणून तो जाड करायचा, या पद्धतीत या क्लॅरेंडनचा मोठा वाटा आहे. टंकलेखन यंत्राची अक्षरेही याच कुळातली. गोंगाटासाठी जन्मलेल्या अक्षराचा एक नातू कचेरीत जाऊन कारकून झाला.

आता लाकडाकडे येतो, कारण झीज तिथे आहे. हातभर उंचीचे अक्षर शिशात ओतणे महाग पडते आणि फर्मा उचलताना कंबर मोडते. शिवाय मोठा ठोकळा थंड होताना सारखा राहत नाही. न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्स या मुद्रकाने १८२७ मध्ये लाकूड कोरणारे फिरते पाते वापरले आणि १८२८ मध्ये लाकडी अक्षरांची पहिली यादी छापली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफची जोड दिली, म्हणजे एका नमुन्यावर सुई फिरवली की हव्या त्या आकाराचे अक्षर कापून निघते. लाकूड मेपलचे, आणि तेही आडवे चिरलेले, खोडाच्या चकतीसारखे. खाटकाचा ओंडका आठवा. सुरी पडली तरी तंतू उसवत नाहीत. आपल्याकडेही ओंडका असाच ठेवतात. पँटोग्राफ हाती आल्यावर अमेरिकन मंडळींनी या अक्षराला नुसते ताणले. बारीक केले, लंब केले, पाय दांड्यांपेक्षाही जाड केले. काऊबॉयच्या चित्रपटात फरारी गुन्हेगाराच्या पत्रकावर दिसते ते हे अक्षर. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावी १८८० मध्ये हॅमिल्टनने सुरू केलेल्या कारखान्याने हळूहळू बाकीचे सगळे कारखाने गिळले. आज तिथे लाकडी अक्षरांचे संग्रहालय आहे.

हे सारे आपल्याला आज ठाऊक आहे याचे मोठे श्रेय एका शिक्षकाला आहे. रॉब रॉय केली मिनिॲपोलिसच्या कला महाविद्यालयात शिकवत असे. विद्यार्थ्यांना हाताने छापायला मिळावे म्हणून त्याने जुनी लाकडी अक्षरे गोळा करायला सुरुवात केली. मग कोणते अक्षर कुणाचे, कधीचे, असा प्रश्न पडला, कुणाकडे उत्तर नव्हते, म्हणून तो शोधत बसला. त्यातून १९६९ मध्ये अमेरिकन लाकडी अक्षरांवरचा त्याचा ग्रंथ आला. त्याचा संग्रह आता टेक्सास विद्यापीठात आहे. म्हणजे शिकवण्यासाठी गोळा केलेल्या ठोकळ्यांतून एक इतिहास उभा राहिला. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश उच्चारतो आहे. का, ते पुढे कळेल.

झीज कशी होते? अण्णांनी मला ती ओल्या फरशीवर खडूने काढून दाखवली. अक्षराच्या कडा आधी गोल होतात, कारण रूळ तिथे वळतो. कोपरे केसमध्ये टाकताना, धुताना उडतात. सगळी अक्षरे एका उंचीची राहत नाहीत. जे बसले त्याच्यावर शाई कमी लागते आणि मध्ये मिठाचे खडे सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. मग जुळारी त्याच्या बुडाला कागदाचा कपटा लावतो. अण्णा म्हणाले, “एकेका अक्षराखाली माझे पाच-पाच कपटे होते.” आजच्या झिजवलेल्या फॉण्टमध्ये जे ठिपके आपण कौतुकाने पाहतो, ते दिसू नयेत म्हणून या माणसाने आयुष्यभर कपटे लावले. मला त्यावर काही बोलता आले नाही.

आता आपल्या लिपीकडे. मराठीत असा फॉण्ट का सापडत नाही?

घाईचे उत्तर असे की आपल्याकडे छपाई उशिरा आली. गोव्यात तर हे उत्तर अगदीच चमत्कारिक. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. पण छापले रोमन अक्षरांत. देवनागरीचे खिळे इथे नव्हते. म्हणजे छापखाना होता, मराठी होती, कवी होता. अक्षर तेवढे नव्हते. आमच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर चारशे वर्षांनी जे घडले ते पाहून मला रायतूर आठवले, यात अतिशयोक्ती असेल तर सोडून द्या.

खरे उत्तर लिपीच्या घडणीत आहे. रोमन अक्षर उभे राहते, त्याला पाय आहेत. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबते. काही जणांना वाटते की शिरोरेषा हाच आपला स्लॅब, ती जाड केली की काम झाले. मला हे पटत नाही. शिरोरेषा ही एका अक्षराची नसतेच, ती शब्दाची असते. आणि ती जाड करत गेलो की वरचे मात्रा-रफार-अनुस्वार आणखी वर ढकलले जातात. दुसरा मार्ग म्हणजे कान्याच्या, दांडीच्या खाली चौकोनी पाय जोडणे. पण तिथे उकार बसतो. ‘पु’, ‘कु’, ‘सू’ लिहून पाहा, पाय आणि उकार एकमेकांच्या अंगावर येतात. जाडी वाढवावी तर ‘छ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांच्या पोटातली जागा बुजते. रोमनला सव्वीस मोठ्या अक्षरांत जाहिरात करता येते. देवनागरीला जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागतात. लाकडात ‘र्की’सारखे अक्षर कोरले तर वेलांटीचे टोक एका पावसाळ्यात मोडते.

म्हणूनच आपल्याकडची चांगली अक्षरे पुस्तकासाठी ओतली गेली. जावजी दादाजींनी मुंबईत १८६४ मध्ये अक्षरांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा ठसे कोरणारा कलावंत त्यांच्याबरोबर होता. संस्कृत ग्रंथांची ती अक्षरे अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण ती वाचण्याची अक्षरे होती, ओरडण्याची नव्हती. ओरडण्याचे काम आपल्याकडे हाताने केले. पेंटरने पत्र्यावर, भिंतीवर. आणि छापील जाहिरातीत चित्रकाराने अक्षरे काढायची व त्यांचा ब्लॉक करायचा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरे आठवा. नाटकाचे नाव वाचायच्या आधी नाटकाचा स्वभाव कळतो. एकदा काढलेले ते अक्षर त्या नाटकापुरतेच. त्याचे खिळे नाहीत, त्याचा संच नाही. हे आपले वैभव आणि हीच आपली अडचण. संच असता तर तो झिजला असता आणि झिजलेल्या संचाची आज नक्कलही झाली असती.

हे काम अगदीच झाले नाही असे नाही. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने काढला. सरकारी खाते असे काम करू शकते याची आठवण अकादमीच्या मंचावरून करून दिलेली बरी. अलीकडे सोल मातास या रचनाकर्तीने आपल्या ‘बिटर’ या स्लॅब रोमन अक्षराला ‘कडवा’ ही देवनागरी जोड दिली. नावातच भाषांतर करून ठेवले आहे. ‘यात्रा’ नावाचे अक्षर मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतले आहे. तिथे उलटा प्रवास आहे. देवनागरी आधी, रोमन तिच्या वळणाने. मला ते फार आवडले.

पण आपल्या प्रदेशातले काय? पणजीच्या जुन्या वस्तीत किंवा किनाऱ्यावर आज एक फेरी मारा. नवी उपाहारगृहे, बेकऱ्या, कपड्यांची दुकाने यांच्या पाट्यांवर हेच जाड पायांचे, कडा उडालेले अक्षर आहे. गेल्या वर्षी उघडलेले दुकान आणि पाटी शंभर वर्षे पावसात भिजल्यासारखी. खऱ्या पावसात भिजलेली पाटी कशी असते ते गोव्यातल्या माणसाला शिकवायला नको. लाल रंग आधी जातो, काळी सावली मागे उरते, खिळ्याच्या भोकातून गंजाचा ओघळ उतरतो, चिऱ्याच्या भिंतीवरचे शेवाळ कडेने आत सरकते. अशा देवनागरी पाट्या अजून बाजारपेठांत आहेत. किराणा, शिंपी, वैद्य. दर दिवाळीला त्यातली एखादी उतरते आणि तिच्या जागी प्लास्टिकचा फलक लागतो. येणाऱ्या पाहुण्याला गोव्याचा जो जुनेपणा दाखवला जातो, त्यात देवनागरी अक्षर जवळजवळ नसते. आमच्या मुखपृष्ठावर तेच झाले होते. आठवण रोमनमध्ये, तळटीप देवनागरीत. आणि ते मुखपृष्ठ मंजूर करणारा मराठीचा विभागप्रमुख होता.

आता मला जे सांगायचे टाळावेसे वाटत होते ते सांगतो.

अण्णांचा छापखाना बंद झाला त्या वर्षी मालकांच्या मुलाने मला फोन केला होता. शिशाचे खिळे भंगारात वजनावर जातील, पण लाकडी अक्षरांच्या चार पेट्या आहेत, दोन रोमन, दोन देवनागरी. महाविद्यालयाला हव्या आहेत का? ग्रंथालय समिती माझ्याकडे होती. मी म्हटले, जागा नाही, आणि लाकूड म्हणजे वाळवी येईल. दोन मिनिटांचे बोलणे. मग विसरून गेलो. स्मरणिकेच्या प्रसंगानंतर अण्णांकडे विचारले, त्या पेट्यांचे काय झाले? रोमन पेट्या जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाने नेल्या. पर्यटक आपल्या नावाचे आद्याक्षर विकत घेतात म्हणे, एक-एक सुटे. देवनागरी कुणी मागितले नाही. ते मालकांच्या घरी परसात राहिले आणि एका पावसाळ्यात न्हाणीच्या भाणाखाली जळण म्हणून गेले. अण्णा हे रागाने म्हणाले नाहीत. “सुकं लाकूड होतं, तेल प्यालेलं. चांगलं पेटलं असणार,” एवढेच म्हणाले.

रॉब रॉय केलीचे ते वाक्य मी सावकाश का उच्चारले ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

त्यानंतर आम्ही एवढेच करू शकत होतो की छापलेला कागद गोळा करायचा. ती मुखपृष्ठवाली विद्यार्थिनी, आणखी चौघे आणि मी, जत्रांच्या, सप्ताहांच्या, गणेशोत्सवांच्या जुन्या फायली पाहत फिरलो. मी प्रबंधासाठी वीस वर्षांपूर्वी पाहिलेलीच हस्तपत्रके पुन्हा पाहिली. या वेळी नाटक न वाचता अक्षर पाहिले. लंडनच्या नाटकाच्या पत्रकाचा साचा जसाच्या तसा आहे. प्रत्येक ओळ वेगळ्या मापाची, ओळ पानभर ताणायची, नाव सर्वांत मोठे. एक तपशील जुन्या लोकांकडून मिळाला, तो इथेच नोंदवतो. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या दशकांत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवावी लागे, असे ते सांगतात. छापील ओळीची किंमत तेव्हा काय असेल याची कल्पना त्यावरून करावी.

त्यात एक पत्रक ‘भावबंधन’चे मिळाले. गडकऱ्यांचे हे नाटक आपल्याकडे विशेष जिव्हाळ्याचे, कारण मंगेशीच्या दीनानाथांनी त्यातली लतिका गाजवली. गावच्या हौशी मंडळींनी ते कित्येक वर्षांनी केले होते. शीर्षकाची अक्षरे लाकडी, तीन इंच उंचीची. मी पाहतो तो ‘भ’ विचित्र. डावीकडची गाठ नीट वळलेली नाही आणि शिरोरेषा मध्येच तुटलेली. ‘ध’चेही तसेच. मी अण्णांना पत्रक दाखवले. ते हसायला लागले. पेटीत मोठा ‘भ’ नव्हता. उत्सव दोन दिवसांवर. त्यांनी ‘म’ घेतला, चाकूने त्याच्या डोक्यावरची रेघ कापली आणि ‘भ’ केला. ‘घ’ची कापून ‘ध’. “नाही तर ‘मावबंघन’ छापून आले असते,” म्हणाले. कापलेली खूण चाळीस वर्षांनी कागदावर स्पष्ट दिसते.

त्या पत्रकावरून आम्हाला समजले की देवनागरीची झीज रोमनसारखी नसते. रोमनमध्ये कोपरे उडतात. देवनागरीत शिरोरेषेच्या सांध्यांवर फट पडते, कारण प्रत्येक खिळा आपल्या वाटणीचा रेघेचा तुकडा घेऊन येतो आणि खिळ्यांच्या कडा झिजल्या की ते तुकडे भेटेनासे होतात. वेलांटीचे टोक नाहीसे होते. अनुस्वार पसरट होतो. रोमन फॉण्टचे ठिपके उचलून मराठी अक्षरावर शिंपडले तर ते खोटे दिसते, त्याचे कारण हे. या लिपीला त्या जागी जखम होतच नाही.

ती विद्यार्थिनी आता एक अक्षरसंच काढते आहे. जाड, भिंतीवरचा, सांध्यांवर फटी असलेला. प्रत्येक अक्षराची तीन रूपे, तिन्ही वेगवेगळ्या पत्रकांवरून घेतलेली. ‘भ’च्या एका रूपात अण्णांच्या चाकूची खूण ठेवली आहे. मी तिला विचारले, वापरणाऱ्याला हे कळेल का? तिने खांदे उडवले. पाय जोडायचे नाहीत असे तिने ठरवले; मी आग्रह करून पाहिला, ‘पु’ आणि ‘कु’ काढून तिने मला गप्प केले. तिचा निर्णय योग्य आहे असे आता मला वाटते. त्यामुळे हे अक्षर स्लॅब सेरिफ म्हणवले जाणार नाही. त्याला काय म्हणायचे ते अजून ठरले नाही.

बाहेरच्या टेबलावर त्या अक्षरांचे नमुने ठेवले आहेत, चहाच्या वेळी पाहावेत. ‘ळ’ अजून जमलेला नाही. मोठ्या मापाचा लाकडी ‘ळ’ आम्हाला एकाही पत्रकात मिळाला नाही. नाटकाच्या नावात तो येत असला तरी जुळाऱ्यांनी दर वेळी ते नाव लहान मापात घेतलेले दिसते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, देवळात, मंडळाच्या कपाटात जुनी हस्तपत्रके असतील तर ती आम्हाला द्यायची गरज नाही. फोटो काढू द्या, तिथेच परत ठेवू. आणि लाकडी अक्षरांची पेटी कुणाकडे असेल, तर जागा आहे. ग्रंथालयाच्या पोटमाळ्यावर फळी ठोकून घेतली आहे, वाळवीचे औषधही मारले आहे.